भाषेचे वचन आणि यंत्राचे वर्तन

सी भाषेत लिहिलेला एखादा प्रोग्रॅम एका संगणकावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो आणि दुसऱ्यावर नेला की अडखळतो, तेव्हा दोष सहसा नव्या संगणकाच्या माथी मारला जातो. पुष्कळदा तो दोष पहिल्या दिवसापासून प्रोग्रॅममध्येच असतो. जुन्या यंत्राने तो सांभाळून घेतलेला असतो. एकेक अक्षर वाचणारे गेटचार हे फंक्शन इंट प्रकारचे मूल्य देते, कारण मजकूर संपल्याची खूण म्हणून त्याला एक ऋण संख्या परत द्यायची असते. ते मूल्य कोणी साध्या कॅरेक्टरच्या व्हेरिएबलमध्ये साठवले तर इंटेलच्या यंत्रावर बहुधा निभावते, कारण तिथे कॅरेक्टर साइन्ड असतो, ऋण मूल्य धरू शकतो. लिनक्स चालवणाऱ्या आर्म यंत्रावर मात्र तो अनसाइन्ड असतो. उणे एकचे तिथे २५५ होतात, मजकूर संपल्याची खूण कधीच जुळत नाही आणि लूप थांबत नाही. त्याच आर्म प्रोसेसरवर ॲपलची सिस्टिम असेल तर कॅरेक्टर पुन्हा साइन्ड. तेव्हा हा प्रश्न निव्वळ प्रोसेसरचा नाही. भाषेने नेमके काय कबूल केले होते आणि समोरच्या यंत्राने योगायोगाने काय दिले, या दोहोंतल्या अंतराचा तो प्रश्न आहे. हे अंतर हाच या पुस्तकाचा विषय, आणि ते कुठे बुजवायचे हा त्यातला खरा वादाचा मुद्दा. माझे म्हणणे असे की ते प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पुन्हा पुन्हा बुजवू नये. अनेकांनी मिळून सांभाळलेल्या आणि सोर्स कोडच्या रूपातच वाटल्या जाणाऱ्या लायब्ररीत ते एकदा, कारण नोंदवून बुजवावे. आणि तेही अशा रीतीने की प्रोग्रॅम स्वतः प्रमाण सीमध्येच लिहिलेला राहील.

हा प्रश्न जवळजवळ सी भाषेइतकाच जुना आहे. डेनिस रिची यांनी ती १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये पीडीपी-११ या यंत्रावर घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा तिच्यात नव्याने लिहिला गेला. पुढे १९७७ मध्ये रिची आणि स्टीफन जॉन्सन यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या अगदी निराळ्या, ३२ बिटी यंत्रावर नेण्याचे काम हाती घेतले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या वुलनगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनी स्वतंत्रपणे ते इंटरडेटा ७/३२ वर नेले. पॉइंटर आणि पूर्णांक एकाच मापाचे धरून चालणे, शब्दातल्या बाइट ठरावीक क्रमानेच येतील असे मानणे, अशा सवयी त्या कामात उघड्या पडल्या. प्रोग्रॅममधल्या संशयास्पद जागा दाखवणारे जॉन्सन यांचे लिंट हे साधन त्याच काळातले. १९७८ मध्ये रिची आणि जॉन्सन यांनी या कामावर लेख लिहिला. त्यातला एक निष्कर्ष आजही पुरता पचलेला नाही : प्रोग्रॅम हलवताना नव्या यंत्राच्या हार्डवेअरइतकाच अडथळा त्या यंत्रावरची ऑपरेटिंग सिस्टिम करते. त्यांनी त्यावर काढलेला मार्ग म्हणजे सगळी ऑपरेटिंग सिस्टिमच बरोबर नेणे. तो मार्ग त्यांना मोकळा होता. पुढच्या पिढ्यांना तो राहिला नाही, कारण युनिक्सच्याच इतक्या शाखा झाल्या की तीच एक सिस्टिम प्रत्येक ठिकाणी वेगळी वागू लागली.

१९८०च्या दशकात बर्कलीचा युनिक्स आणि व्हॅक्स यंत्र यांचे राज्य होते, आणि जग म्हणजे व्हॅक्सच असे समजून हजारो ओळी लिहिल्या गेल्या. त्या यंत्रावर शून्य पत्त्यावरून वाचले तरी प्रोग्रॅम कोसळत नसे, शून्यच मिळे. त्यामुळे नल पॉइंटर तपासण्याची सवयच लागली नाही. तोच कोड सनच्या यंत्रांवर गेला आणि जागीच मरू लागला. १९८८ मध्ये युनिक्ससाठीचे पॉझिक्स हे प्रमाण आणि १९८९ मध्ये अमेरिकेचे सीचे प्रमाण आले. सीचे प्रमाण वर्षभरात आंतरराष्ट्रीय झाले, आणि नंतर १९९९, २०११ आणि अलीकडे सी-२३ अशा त्याच्या आवृत्त्या निघाल्या. प्रमाणामुळे प्रश्न संपला, असा समज नवख्यांमध्ये आढळतो. प्रमाणाने उलट काही जागा जाणूनबुजून मोकळ्या ठेवल्या. काही बाबी अंमलबजावणी करणाऱ्याने ठरवून जाहीर कराव्यात, काहींत दिलेल्या पर्यायांपैकी कोणताही चालावा, आणि काहींत काय होईल याची भाषा कसलीच हमी देत नाही. इंट किमान १६ बिटांचा आणि लाँग किमान ३२ बिटांचा एवढेच वचन आहे. म्हणून ६४ बिटी लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा निघतो, ६४ बिटी विंडोजवर ३२ बिटांचा राहतो, आणि पॉइंटर लाँगमध्ये ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचा वरचा अर्धा पत्ता विंडोजवर कापला जातो. दोन्ही कंपायलर प्रमाणाला धरून आहेत. या मोकळ्या जागांना भाषेचा दुबळेपणा म्हणणे मला मान्य नाही. त्यांच्यामुळेच ही भाषा वॉशिंग मशिनमधल्या चिपपासून महासंगणकापर्यंत सगळीकडे पोचू शकली. त्या मोकळ्या जागांचे भान ठेवण्याची जबाबदारी मात्र तिने लिहिणाऱ्यावर टाकली.

मराठी वाचकाला हे सर्वात जवळून भिडते ते मजकुराच्या बाबतीत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे होते आणि त्या तिन्ही बाइटचे मूल्य १२७ च्या वर असते. ‘क’ची पहिली बाइट २२४, साइन्ड कॅरेक्टरमध्ये तीच उणे ३२ होते. आता अक्षर आहे की नाही हे सांगणाऱ्या सीच्या जुन्या फंक्शनला ही ऋण संख्या दिली, तर त्याने काय करावे याबद्दल प्रमाण काहीही कबूल करत नाही. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीने आपल्या तक्त्यात उणे १२८ पर्यंत जागा राखून ठेवली आहे, त्यामुळे चूक तिथे दडून राहते. व्हिज्युअल सीच्या डीबग बिल्डमध्ये तीच ओळ प्रोग्रॅम थांबवते. इंग्रजी मजकुरावर तपासलेला प्रोग्रॅम या वाटेने कधी जातच नाही, कारण इंग्रजीची सगळी मूळ अक्षरे १२७ च्या आत असतात. पुढचा टप्पा आणखी अवघड. बाइटऐवजी पूर्ण चिन्ह धरणारा वाइड कॅरेक्टर लिनक्सवर ३२ बिटांचा, विंडोजवर १६ बिटांचा. टर्मिनलवर रकाने जुळवायचे तर उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण यांची रुंदी शून्य धरावी लागते. काही सिस्टिमचे फंक्शन ती एक सांगत आले, आणि मराठी नावांची यादी वेडीवाकडी होते. मराठीसाठी वेगळा प्रोग्रॅम लिहिल्याने यातले काहीच सुटत नाही. तळाच्या सामायिक कोडमध्ये दुरुस्ती झाली की जगातल्या प्रत्येक लिपीला तिचा लाभ होतो. आपल्याकडच्या प्रोग्रॅमरांनी या क्षेत्राकडे वळावे यासाठी मला याहून सबळ कारण दिसत नाही.

या अंतरावर उपाय करणाऱ्यांचे स्थूलमानाने चार संप्रदाय झाले. पहिला सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात मोठा : जिथे अडेल तिथे ‘इफ-डेफ’ची अट घालायची, अमुक सिस्टिम असेल तर ही ओळ, नाहीतर ती. १९९२ मध्ये हेन्री स्पेन्सर आणि जेफ कोलियर यांनी सी न्यूज या सॉफ्टवेअरच्या अनुभवावरून या पद्धतीवर कठोर टीका केली. तीस वर्षांनंतरही तिच्यात खोडून काढण्यासारखे फारसे सापडत नाही. प्रत्येक अट कोडच्या दोन प्रती करते, आणि त्यांतली एकच प्रत लिहिणाऱ्याने प्रत्यक्ष चालवून पाहिलेली असते. दुसऱ्या संप्रदायाने सिस्टिमवर स्वतःचा थर चढवला. नेटस्केपचे एनएसपीआर, अपाची सर्व्हरमधून निघालेले एपीआर, जीटीकेमधून वेगळे झालेले जीलिब ही त्याची रूपे. एसक्यूलाइटने हाच विचार अगदी आटोपशीर ठेवला आणि फक्त फाइल हाताळणीपुरता एक पातळ थर वेगळा काढला. तिसरा संप्रदाय ओपनबीएसडीचा. ओपनएसएसएचचा मूळ कोड एकाच स्वच्छ सिस्टिमसाठी लिहायचा, आणि इतरांसाठी लागणारी जुळवाजुळव वेगळ्या मंडळींनी वेगळ्या फोल्डरमध्ये करायची, असा तिथला शिरस्ता आहे. चौथ्या संप्रदायाचा पाया डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या ऑटोकॉन्फने घातला : सिस्टिमचे नाव विचारू नका, तिला काय येते ते बिल्डच्या वेळी करून पाहा. मसल या सी लायब्ररीच्या कर्त्यांनी स्वतःची ओळख सांगणारा मॅक्रो मुद्दाम ठेवलेला नाही, त्यामागेही हाच आग्रह आहे.

हा चौथा संप्रदाय ग्नूलिब या सामायिक कोडसंग्रहात पूर्णत्वाला गेला. आधी बांधून इन्स्टॉल करण्याची लायब्ररी म्हणून ग्नूलिब वाटलेच जात नाही. प्रोजेक्टचा मेंटेनर एका साधनाने हवे ते मॉड्यूल निवडतो आणि त्यांचा सोर्स कोड आपल्या प्रोजेक्टमध्ये उतरवून घेतो. बिल्डच्या वेळी चाचण्या होतात. सिस्टिमचे फंक्शन नीट असेल तर तेच वापरले जाते. नसेल किंवा सदोष असेल तर त्याच नावाआड ग्नूलिबचे फंक्शन उभे राहते. प्रोग्रॅमच्या ओळीत बदल होत नाही. कोअरयुटिल्स, टार, ग्रेप, बायसन, गेटटेक्स्ट, ईमॅक्स असे कितीतरी प्रोजेक्ट यावर उभे आहेत. माझ्या मते मात्र ग्नूलिबचे खरे धन त्याच्या मॅन्युअलमध्ये आहे. पॉझिक्समधल्या प्रत्येक फंक्शनखाली तिथे दोन याद्या आहेत : कोणत्या सिस्टिमवरचे कोणते दोष हे मॉड्यूल दुरुस्त करते, आणि कोणते करत नाही. आपण काय सोडवलेले नाही हे इतक्या नेटाने छापणारी तांत्रिक पुस्तके विरळा. एका सिस्टिमवर नाव बदलताना शेवटची तिरपी रेघ चुकीची वाचली जाते, दुसरीवर छापण्याच्या फंक्शनला एखादा फॉरमॅट कळत नाही, अशा शेकडो बारीक नोंदी एकत्र आल्या की युनिक्सच्या साऱ्या शाखांचा तो एक चिकित्सा-इतिहास होतो. यातली एकही नोंद एकट्या प्रोजेक्टला स्वतःहून मिळाली नसती.

दुरुस्ती कोणत्या दिशेने करावी, हा इथला कळीचा प्रश्न आहे. शून्य बाइट मागितल्यावर मॅलॉकने नल द्यावे की वापरण्याजोगा पॉइंटर, याला प्रमाण दोन्ही मुभा देते. एआयएक्स नल देते, ग्लिबसी पॉइंटर देते. नल म्हणजे मेमरी संपली असे समजणारा प्रोग्रॅम एआयएक्सवर विनाकारण बंद पडतो. यावर प्रत्येक हाकेपाशी अट घालता येईल, स्वतःच्या नावाचे नवे मेमरी फंक्शन लिहिता येईल, किंवा सिस्टिमच्या मॅलॉकलाच एकदा वळण लावून प्रोग्रॅम साधा ठेवता येईल. मी शेवटच्या मार्गाच्या बाजूने आहे, कारण त्या सिस्टिम सुधारल्या की तो उपाय आपोआप गळून पडतो. दुसऱ्या मार्गाचा धोका २०१४ मध्ये दिसला. काही सिस्टिमवर मॅलॉक मंद चालतो म्हणून ओपनएसएसएलने मेमरीच्या तुकड्यांचा स्वतःचा साठा ठेवला होता. त्यात सापडलेली हार्टब्लीड ही चूक मुळात लांबी न तपासल्याची, पण त्या साठ्यामुळे ओपनबीएसडीसारख्या सिस्टिमचे मेमरीवरचे संरक्षण निष्प्रभ झाले होते. थोड्या मंद सिस्टिमसाठी केलेली सोय सगळ्यांच्या गळ्यात पडली. याउलट स्ट्रिंग सुरक्षितपणे उतरवणारे स्ट्रलकॉपी हे फंक्शन पाहा. १९९८ मध्ये ते ओपनबीएसडीत आले, कितीतरी प्रोजेक्टांनी त्याची प्रत बरोबर बाळगली, २०२३ मध्ये ते ग्लिबसीत आणि २०२४ मध्ये पॉझिक्समध्ये दाखल झाले. आता त्या प्रती काढून टाकता येतील, आणि वापरणाऱ्या ओळींना हात लावावा लागणार नाही.

आज सगळे लिनक्सवरच चालते, कंटेनरमध्ये सिस्टिमसकट प्रोग्रॅम पाठवता येतो, मग हा खटाटोप कशाला, असा पहिला आक्षेप येतो. त्यात तथ्य एवढेच की सिस्टिमांची संख्या घटली आहे. अंतर घटलेले नाही, ते जागेऐवजी काळात पसरले आहे. २०१० मध्ये फेडोरावर ग्लिबसीची नवी आवृत्ती आली आणि फ्लॅश प्लेअरचा आवाज बिघडला. यंत्र तेच, प्रोसेसर तोच. मेमकॉपीने एकमेकांवर चढलेल्या जागा हाताळण्याचे वचन कधीच दिले नव्हते; जुनी आवृत्ती ते योगायोगाने निभावत होती आणि नवी वेगासाठी उलट्या क्रमाने बाइट हलवत होती. २०२४ मध्ये जीसीसी १४ ने आधी जाहीर न केलेले फंक्शन वापरणे ही थेट चूक ठरवली. त्याचा फटका प्रोग्रॅमइतकाच जुन्या बिल्ड-चाचण्यांना बसला : चाचणीचा चिमुकला कोडच कंपाइल होत नाही, म्हणून ‘ही सोय उपलब्ध नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि बिल्ड मुकाट्याने पुढे जाते. कंटेनर हे सगळे पुढे ढकलतो, सोडवत नाही. शिवाय विविधता पुन्हा वाढते आहे. आर्म आता लॅपटॉप आणि सर्व्हरमध्ये आहे; इंटेलच्या तुलनेत त्याची मेमरी-क्रमाची हमी सैल असल्याने अनेक थ्रेडांचा कोड तिथे वेगळा वागू शकतो. पुण्याच्या सी-डॅकचे परम ८००० हे १९९१ मध्ये ट्रान्सप्युटरवर उभे राहिले, परम १०००० अल्ट्रास्पार्कवर, नंतरचे बरेच परम इंटेलवर; आणि आता सी-डॅकचे वेगा व मद्रास आयआयटीचे शक्ती हे प्रोसेसर रिस्क-फाइव्हवर आहेत. स्वतःची चिप घडवू पाहणाऱ्या देशाला आधीचे सॉफ्टवेअर तिच्यावर चालवावेच लागेल, आणि ते काम दुसरे कोणी करून देणार नाही.

सीच सोडून रस्टसारख्या भाषेकडे जावे, हा दुसरा आक्षेप. नवे काम तिथे सुरू करण्याला माझा विरोध नाही. पण त्या भाषांचे प्रोग्रॅमही बहुतेक सिस्टिमवर शेवटी सीच्या लायब्ररीतूनच ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलतात, आणि फाइलच्या नावातली तिरपी रेघ भाषा बदलल्याने सरळ होत नाही.

तिसरा आक्षेप सर्वात गंभीर आहे आणि त्याला मी अर्धेच उत्तर देऊ शकतो. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला आणि त्या धाग्यावरून एक्सझेड या फाइल-कॉम्प्रेशन साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमधला चोरदरवाजा उघड झाला. त्याला वाट करून देणारा बदल दडवला होता तो ग्नूलिबच्या एका एम-फोर फाइलच्या बदललेल्या प्रतीत. ती प्रत उघड रिपॉझिटरीत नव्हती, फक्त वाटलेल्या टारबॉलमध्ये होती. पोर्टेबिलिटीची यंत्रणा इतकी दाट झाली की तिच्यात डोकावण्याची कोणाला गरज वाटली नाही, ही टीका मला पूर्ण मान्य आहे. ग्नूलिबने लिहिलेली फाइल निर्दोष होती, हे म्हणणे पुरेसे उत्तर नाही. त्याच प्रकरणात सीमेकच्या एका चाचणीत एक जादा टिंब घालून सुरक्षेची एक सोय बंद पाडली होती, म्हणजे साधन बदलूनही धोका टळला नसता. प्रत उतरवून घेण्याच्या पद्धतीची किंमत इथे दिसते : मूळ ठिकाणी झालेली दुरुस्ती प्रत्येक प्रोजेक्टने मुद्दाम ओढून घ्यावी लागते, आणि आपली प्रत मुळाशी जुळते का हे कोणी तपासले नाही तर कळत नाही. माझा निष्कर्ष असा की उतरवलेला प्रत्येक कोड मुळाशी पडताळण्याजोगा असावा, टारबॉल रिपॉझिटरीतूनच पुन्हा घडवता यावा, आणि ज्या सिस्टिम आता उरल्याच नाहीत त्यांच्यासाठीच्या चाचण्या काढून टाकाव्यात. ग्नूलिब कालबाह्य मॉड्यूलांवर तशी खूण करते. किती प्रोजेक्ट ती पाहून सफाई करतात, हा चिंतेचा भाग आहे. झेडलिबसारख्या सर्वत्र पोचलेल्या लायब्ररीने फंक्शन लिहिण्याची १९७८ची जुनी रीत २०२३ मध्ये सोडली, इतकी ही सफाई मंद असते.

आणि तारीख ठरलेली एक परीक्षा समोर आहेच. ३२ बिटांत सेकंद मोजणारे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक वेळेनुसार ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी भरते. लिनक्सच्या गाभ्यात २०२० मध्ये, ग्लिबसीत २०२१ मध्ये ३२ बिटी यंत्रांसाठी ६४ बिटी वेळेची सोय आली. २०२४ मध्ये डेबियनने ३२ बिटी आर्मसाठी हजारो पॅकेजे त्यासाठी पुन्हा बांधायला घेतली. वेळेचा प्रकार रुंद झाला की तो वापरणाऱ्या प्रत्येक स्ट्रक्चरचे माप बदलते, आणि जुन्या-नव्या बायनरी एकमेकींशी बोलेनाशा होतात. सोर्स हाताशी असलेल्यांना हे जमेल. विजेचे मीटर, राउटर, कारखान्यांतली नियंत्रक यंत्रे यांतला कोड कोणाकडे आहे, हा वेगळा प्रश्न.

हे पुस्तक या क्षेत्राचा कोश होऊ पाहत नाही. कोशाचे काम ग्नूलिबचे मॅन्युअल करते आहे. या पुस्तकाने एकेक दोष हातात घेऊन तो कसा दिसला, भाषेने तिथे काय कबूल केले होते, दुरुस्तीच्या किती वाटा होत्या आणि कोणती का निवडली, एवढे सांगण्याचे ठरवले आहे. काही ठिकाणी माझे आणि लेखकाचे मत जुळत नाही. स्वतःचा थर चढवण्याच्या संप्रदायाला त्यात माझ्याहून जास्त मान आहे, आणि ग्राफिकल प्रोग्रॅमांच्या बाबतीत तो कदाचित योग्यही असेल. विंडोजचा भाग तुलनेने थोडका आहे. तो वाढायला हवा होता. मराठीत लिहिताना कंपायलर, पॉइंटर, बिल्ड हे रोजच्या कामातले शब्द तसेच ठेवले आहेत, ते उत्तम झाले. वाचकाला सीची मूलभूत ओळख आणि लिनक्सचे एक साधे यंत्र पुरे. क्यूइमू हा एम्युलेटर घालून त्यावर एस-३९० हे बिग-एंडियन यंत्र भासमान रूपात चालवता येते, आणि जीसीसी वा क्लँगमधले सॅनिटायझर लावून स्वतःचाच एखादा जुना प्रोग्रॅम दोन्हीकडे तपासता येतो. पहिल्या प्रकरणाआधी हे करून पाहावे, कारण पुढची चर्चा हातात खरी चूक असलेल्या वाचकाला धरूनच लिहिलेली आहे.